ऑर्किडची पानं लुळी पडली? पाणी घालण्याआधी मुळं बघा

पावसाळा सरत आला की ऑर्किड असलेल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते, आणि ती दरवर्षी येते. जूनपर्यंत झाड उत्तम. ऑगस्टमध्ये खालचं पान पिवळं पडतं, मग वरची पानं मऊ होतात, त्यांवर उभ्या सुरकुत्या येतात. झाड सुकतंय असं वाटून पाणी वाढवलं जातं. पानं आणखी लुळी पडतात. मग खत, मग कुणीतरी सांगितलं म्हणून बुरशीनाशक. दिवाळीपर्यंत कुंडी रिकामी होते आणि घरात ठरून जातं की ऑर्किड आपल्याला लाभत नाही.

लाभण्या-न लाभण्याचा यात काही संबंध नाही. ही तक्रार बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिसची असते, म्हणजे रुंद, जाड पानांचं आणि कमानदार दांड्यावर फुलं धरणारं, भेट म्हणून हमखास मिळणारं ऑर्किड. तेव्हा पुढचं सगळं प्रामुख्याने त्याच्याबद्दल आहे. डेंड्रोबियम आणि व्हँडा या दुसऱ्या ऑर्किडांचं वेगळं असेल तिथे तसं सांगते.

लुळ्या पानाची अडचण अशी की ते दोन अगदी उलट कारणांनी होतं. झाड तहानलेलं असेल तरी पान लुळं पडतं आणि मुळं कुजली असतील तरीही. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे ओल्याचिंब कुंडीत बसून झाड तहानेने मरतं. पान वर सुकतंय आणि बिघाड खाली आहे, आणि आपण पानावर पाणी फवारत बसतो: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून पहिला नियम असा की मुळं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाणी, खत, औषध यांतलं काहीही करायचं नाही.

मुळं कशी बघायची

फॅलेनॉप्सिस बहुधा पारदर्शक प्लॅस्टिकच्या कुंडीत येतं, ते यासाठीच. बाहेरच्या शोभेच्या कुंडीतून आतली कुंडी काढा. तळाला पाणी साचलंय का बघा. कुंडी हातात तोलून बघा. तीन दिवस पाणी न घालताही ती जड लागत असेल तर आत ओल अडकलेली आहे.

आता मुळांचा रंग. ऑर्किडच्या मुळावर वेलामेन नावाचं स्पंजासारखं जाड आवरण असतं. कोरडं असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून मूळ रुपेरी-पांढरं दिसतं. पाणी शोषलं की आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. रुपेरी म्हणजे पाणी द्यायला हरकत नाही, हिरवं म्हणजे अजून थांबा. ऑर्किडला पाणी कधी घालायचं याचं याहून भरवशाचं उत्तर मला माहीत नाही. ‘आठवड्यातून एकदा’ हे उत्तर तर नक्कीच चुकीचं आहे, कारण मे महिन्यातल्या नागपुरातला आठवडा आणि जुलैतल्या रत्नागिरीतला आठवडा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मूळ तपकिरी दिसलं म्हणून लगेच कात्री उचलू नका. मॉसमध्ये, म्हणजे कुंडीत भरतात त्या वाळवलेल्या शेवाळात, वाढलेली मुळं त्याच्या रंगाने डागाळतात, आणि कुंडीच्या मध्यभागी उजेड न मिळालेली मुळं पिवळसरच असतात. मूळ चिमटीत धरून हलकेच दाबा. टणक लागलं तर जिवंत. लिबलिबीत लागलं, आतून पाणी आलं, किंवा आवरण सरकून हातात आलं आणि मागे नुसता दोरा उरला, तर ते मूळ गेलं. दाबल्यावर पोकळ, कागदी लागलं तर तेही गेलेलं, फक्त ते पूर्वीच कुजून आता वाळलेलं आहे.

मुळं टणक, रुपेरी, कुंडी हलकी आणि पानं लुळी, असं असेल तर झाड खरोखरच तहानलेलं आहे. कुंडी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, नीट निथळू द्या, आणि पुढचे काही आठवडे पाण्याकडे लक्ष द्या. एकदा खोल सुरकुत्या पडलेलं जुनं पान पूर्वीसारखं ताठ होईलच असं नाही. नवं पान ताठ आलं म्हणजे जमलं. पुण्या-नाशकाकडे मार्च ते मे, आणि बारा महिने एसी चालणाऱ्या खोलीत हा प्रकार दिसतो. पावसाळ्यानंतर मात्र बहुतेक वेळा दुसराच प्रकार निघतो.

मॉसच्या पोटातला बोळा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ऑक्टोबरात त्यांचं फॅलेनॉप्सिस वर आणलं. पाणी फार बेतानं घालत होत्या, वरचं मॉस कोरडं खडखडीत होतं, तरी पानं कानासारखी लोंबत होती. त्यांचं म्हणणं, “एवढं कमी पाणी घालूनही कुजेल कसं?” कुंडीच्या कडा दाबून झाड बाहेर काढलं. बाहेरची मुळं बरी होती. मॉस बोटांनी उकलत आत गेलो तर मधोमध, अगदी खोडाखाली, जाळीत घट्ट कोंबलेला मॉसचा एक बोळा निघाला. पिळला तर थेंब थेंब पाणी गळलं आणि कुबट वास आला. त्याच्यातली सगळी मुळं काळी पडून दोरा झालेली.

हा बोळा काही अपवाद नाही. रोपवाटिकेत ऊतिसंवर्धनाची (टिश्यू कल्चरची) इवलीशी रोपं आधी छोट्या प्लगमध्ये, म्हणजे जाळीत कोंबलेल्या मॉसच्या बोळ्यात, लावतात आणि मोठी झाली की त्या प्लगसकट मोठ्या कुंडीत बसवतात. रोपवाटिकेत हवा खेळती, पंखे चालू, पाणी मोजून दिलेलं, त्यामुळे तिथे तो त्रास देत नाही. आपल्या दमट घरात वरचा थर वाळतो आणि पोटातला बोळा महिनाभर ओला राहतो. म्हणून नवं झाड आणलं की फुलं ओसरल्यावर, शक्य तर पावसाळ्याच्या आधी, कुंडीतून काढा आणि मधला बोळा सोडवून टाका. दरवर्षीची ही तक्रार निम्म्याहून जास्त घरांत एवढ्या एका कामाने थांबेल, असं मला अनुभवावरून खात्रीने वाटतं.

काहींना वाटतं की ऑर्किडला पावसाचंच वावडं आहे. तसं असतं तर कोकणात आंब्या-फणसाच्या फांद्यांवर सीतेची वेणी, आपलं रानटी ऑर्किड, चार महिने भिजत राहिली नसती. आमच्याकडची बरीच आमरं, म्हणजे रानातली ऑर्किडं, झाडांच्या सालीवर उघड्या मुळांनी जगतात. सर येते, मुळं भिजतात, सर थांबते, वारा त्यांना सुकवतो. फॅलेनॉप्सिसही मुळात आग्नेय आशियातल्या पावसाळी जंगलांत असंच फांद्यांवर वाढणारं आहे. मुळाला घातक ठरते ती हवा न खेळता टिकून राहिलेली ओल. कुंडीत माती घालून लावलेलं ऑर्किड याच कारणाने मरतं. नर्सरीत कुणी ‘लाल माती आणि शेणखत’ सांगितलं तर कृपा करून ऐकू नका.

कुजलेल्या मुळांवर उपाय

झाड बाहेर काढा, जुनं माध्यम, म्हणजे मातीऐवजी कुंडीत भरलेलं मॉस, साल वगैरे, पूर्ण सोडवा, मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा. कात्रीचं पातं गॅसच्या ज्योतीवर तापवून घ्या आणि गार होऊ द्या. प्रत्येक झाडासाठी पुन्हा तापवा. ही सवय फार महत्त्वाची आहे, का ते पुढे विषाणूंबद्दल येईल तेव्हा कळेलच. लिबलिबीत आणि पोकळ मुळं टणक भागापर्यंत कापा. निम्मं मूळ चांगलं असेल तर निम्मं ठेवा, आणि मुळाच्या दोऱ्याच्या टोकाला हिरवा, टणक तुकडा शिल्लक असेल तर तोही ठेवा, कारण त्या दोऱ्यातून अजून पाणी वर जातं. फुलांचा दांडा असेल तर मन घट्ट करून छाटा. मुळं नसलेल्या झाडाने फुलं पोसत बसणं परवडणारं नाही.

कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावायची पद्धत आहे. पानाच्या किंवा खोडाच्या जखमेवर चिमूटभर लावायला हरकत नाही, पण मुळांवर भुरभुरू नका. ती जिवंत मूळही कोरडं पाडते. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतण्याचे व्हिडिओ बरेच फिरतात. फेस येतो तो काही फक्त बुरशी मेल्याचा नसतो. जिवंत पेशींवरही येतो, आणि कोवळी मुळटोकं त्यात भाजतात. मी ते वापरत नाही.

बुरशीनाशकात मुळं बुडवायची असतील तर कार्बेन्डाझिम आणि मँकोझेब यांचं मिश्रण कृषी सेवा केंद्रात ‘साफ’ नावाने सहज मिळतं. एक लिटर पाण्यात 2 ग्रॅम, दहा-पंधरा मिनिटं. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. भांडं स्वयंपाकघरातलं नको, आणि काम गॅलरीत करा. पण हे लक्षात ठेवा की खरा उपाय कात्री आणि हवा हा आहे. कुजलेली मुळं न कापता, ओल्या मॉसवर वरून औषध ओतलं तर ओल वाढते आणि बाकी काही होत नाही.

मग झाड सावलीत, वाऱ्याला, एक दिवस तसंच उघडं ठेवा. घाबरू नका, एका दिवसात काही बिघडत नाही. जखमा सुकतात ते फार मोलाचं असतं.

आता कुंडी. पानांचा पसारा बघून कुंडी घेऊ नका. उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच घ्या, कडेला भोकं असतील तर उत्तम. माध्यम म्हणून मुंबई-कोकणात लाकडी कोळशाचे आणि विटांचे साधारण दोन सेंटिमीटरचे तुकडे, त्यात नारळाच्या सोडणाचे थोडे तुकडे. कोळसा साधा, चुलीचा. दगडी कोळसा किंवा झटपट पेटणारा, रसायन लावलेला चालत नाही. सोडण दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्यायचं, कारण त्यात क्षार असतात आणि तपकिरी रंग सुटत राहतो. घाटावर कोरड्या हवेत सोडणाचं प्रमाण वाढवा. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात थोडं मॉसही लागेल, पण सैल, कोंबलेलं नको. पाइनची साल मिळत असेल तर ती चांगलीच. झाड डुलत असेल तर काठीला बांधा. हलणाऱ्या झाडाची नवी मुळटोकं माध्यमावर घासून मोडतात.

लावल्यावर दोन-तीन दिवस पाणी नाही. नंतर सकाळच्या वेळी भरपूर पाणी ओतून पूर्ण निथळू द्यायचं आणि मुळं रुपेरी होईपर्यंत थांबायचं. खत नवी हिरवी मुळटोकं दिसेपर्यंत बंद.

आणि एकही मूळ उरलं नसेल तर? पानं अजून हिरवी आणि खोडाचा शेंडा टणक असेल तर आशा आहे. उथळ भांड्यात किंचित ओलसर, पूर्ण पिळलेलं मॉस पसरा आणि खोडाचा तळ त्याच्या जेमतेम वर राहील असं झाड टेकवा. कोरड्या हवेच्या गावात त्यावर पारदर्शक पिशवी सैल घाला आणि रोज थोडा वेळ उघडा. कोकणात पावसाळ्यात पिशवी नकोच, हवाच पुरेशी दमट असते. उजेड हवा, ऊन नको. यात काही महिने जातात. या काळात एखाद-दुसरं पान गळेल, ते गळू द्या, झाड त्याच्यातलंच पाणी आणि अन्न वापरत असतं.

थांबायला वेळ नसतो असे दोन प्रकार

मुळं कुजायला आठवडे लागतात, त्यामुळे विचार करायला सवड मिळते. शेंड्याच्या सडीत ती मिळत नाही. फॅलेनॉप्सिसला वाढीचं एकच टोक असतं, मधोमध, जिथून नवं पान फुटतं. पागोळीचं पाणी, फवारा किंवा वरून ओतलेलं पाणी तिथे रात्रभर साचलं की तो कोंब काळा पडतो आणि मधलं पान अलगद उपसून हातात येतं. तसं झालं की त्याच क्षणी झाड उलटं धरून पाणी झटका, कागदाची वळी करून उरलेलं टिपून घ्या, कुजलेला भाग काढा, बुरशीनाशकाची थोडी पूड किंवा दालचिनी लावा आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. वरचं टोक गेलं तरी तळाशी चांगली मुळं असतील तर कधी कधी बाजूने पिलू, म्हणजे नवं रोप, फुटतं, म्हणून लगेच फेकू नका. आणि पुढे झाड थोडं तिरपं लावा किंवा ठेवा. रानात ते फांदीवर तिरपं लोंबतं तेव्हा शेंड्यात पाणी थांबतच नाही.

दुसरा प्रकार जिवाणूंचा. पानावर पाण्याने भिजल्यासारखा, पारदर्शक डाग दिसतो. सकाळी नखाएवढा असलेला डाग संध्याकाळपर्यंत दुप्पट झाला, दाबल्यावर फुटून पाणी आलं आणि घाण वास येत असेल तर शंका नको. बुरशीनाशक इथे निरुपयोगी, कारण ही बुरशीच नाही. तापवलेल्या पात्याने डागाच्या पलीकडे दोन सेंटिमीटर हिरव्या भागातून पान कापा. डाग खोडाजवळ असेल तर पूर्ण पान काढा. झाड बाकीच्यांपासून लांब न्या आणि पानांवर पाण्याचा थेंबही पडू देऊ नका. हवं तर कॉपर ऑक्सिक्लोराइड कापलेल्या कडेला लावा. मात्र डेंड्रोबियमवर आणि फुलांवर तांब्याची औषधं फवारू नयेत, ती भाजतात.

खोडाच्या तळापासून वर चढत जाणारी काळी सड, कडेला पिवळसर रेघ, ही सहसा फायटोफ्थोरा किंवा पिथियम या पाण्यात पसरणाऱ्या रोगकारकांची असते. यांच्यावर एकट्या कार्बेन्डाझिमचा परिणाम होत नाही, म्हणून ‘बाविस्टिन (म्हणजे कार्बेन्डाझिमच) टाकलं तरी झाड गेलं’ अशी तक्रार ऐकू येते. मेटालॅक्झिल आणि मँकोझेब असलेलं औषध हवं, तेही काळा भाग पूर्ण कापल्यावरच. तळाशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी. ते माध्यम दाण्यांसकट बाहेर टाकायचं, दुसऱ्या कुंडीत कधीच वापरायचं नाही.

ज्यांची काळजी करू नये अशा गोष्टी

सगळ्यात खालचं एखादं पान हळूहळू, एकसारखं पिवळं होऊन गळणं हे म्हातारपण आहे. वरचं किंवा मधलं पान पिवळं पडलं तर मात्र बघावं लागेल. उन्हाची थेट तिरीप पडून एकाच पानावर आलेला पांढुरका, नंतर काळा-कोरडा झालेला डाग वाढत नाही. पान उरलेल्या भागाने काम करत राहतं, ते कापू नका. फक्त झाडाची जागा बदला.

डेंड्रोबियमच्या बाबतीत बिनपानांच्या जुन्या कांड्या मेल्या असं समजून सर्रास छाटल्या जातात. त्या छाटू नका. त्यांत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, आणि पुष्कळदा त्याच कांडीवर पुढच्या वर्षी फुलं येतात. कांडी पिवळी, पोकळ आणि पिचपिचीत झाली तरच काढायची. हिवाळ्यात काही डेंड्रोबियम सगळीच पानं गाळतात. तेव्हा पाणी कमी करायचं, वाढवायचं नाही.

किडी

कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की पानांच्या बगला आणि खालची बाजू तपासा. मुंग्या बहुधा पिठ्या ढेकणाच्या किंवा खवले किडीच्या चिकट गोड पाण्यासाठी आलेल्या असतात. पांढरा कापसासारखा पुंजका किंवा तपकिरी, नखाने खरवडून निघणारी टिकली दिसली तर कापसाचा बोळा 70 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून एकेक पुसून काढा. डेंड्रोबियमच्या कांडीवरचं वाळलेलं पापुद्र्यासारखं आवरण सोला, कारण लपायची मुख्य जागा ती. मग लिटरभर पाण्यात 3 ते 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारा. आठ-दहा दिवसांच्या अंतराने निदान तीनदा करायला हवं. एकदा करून थांबलं की अंड्यांतून निघालेली पुढची पिढी पुन्हा तयार.

लाल कोळी उन्हाळ्यातला पाहुणा. पानाची खालची बाजू चंदेरी, बारीक टिपक्यांनी भरलेली दिसते. हा कीटक नाही, म्हणून इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं त्याला लागू पडत नाहीत. पानं ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसणं आणि हवेतला कोरडेपणा कमी करणं हे आधी. कळ्या वेड्यावाकड्या उमलत असतील तर फुलकिडे आहेत का ते पांढऱ्या कागदावर फूल झटकून बघा. कोकणात पावसाळ्यात गोगलगायी हिरवी मुळटोकं रात्रीत कुरतडतात. बॅटरी घेऊन नऊ-दहाच्या सुमारास कुंड्या उचलून पाहा, तळाला सापडतात.

पाण्याची जात

मुळटोकं काळी पडणं, पानांची टोकं करपणं आणि कुंडीच्या कडेला पांढरी खारट पुटं, ही तिन्ही एकत्र दिसली तर रोग शोधू नका, पाणी तपासा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. धरणातून येणारं नगरपालिकेचं पाणी सहसा चालतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. आकडा 200 च्या आत असेल तर निर्धास्त राहा, 400-500 च्या घरात असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी वापरा, नाहीतर आरओचं पाणी निम्मं मिसळा. महिन्यातून एकदा खत न घालता नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा.

खताची पुडी शेतीच्या पिकासाठी असते आणि तिच्यावरचं प्रमाणही त्यासाठीच. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, तेही आधी मुळं साध्या पाण्याने भिजवून, आठवड्यातून एकदा, एवढं ऑर्किडला पुष्कळ होतं.

पुढच्या पावसाळ्याआधी

मे महिन्यातच माध्यम तपासा. सोडण दोन वर्षांत कुजून भुसा होतो आणि तो भुसा ओल धरून बसतो. कुंड्या एकमेकींपासून अंतरावर ठेवा, गॅलरीच्या ग्रिलला टांगता आल्या तर फारच छान. पागोळीच्या थेट धारेखाली फॅलेनॉप्सिस नको. व्हँडा मात्र जाळीच्या टोपलीत बिनमाध्यमाचा असेल तर पावसात बिनधास्त राहतो. लागोपाठ झड लागली आणि आठवडाभर सूर्य दिसला नाही तर एक लहान पंखा हळू गतीने दिवसभर चालू ठेवा. झाडांच्या आरोग्यासाठी त्यावर खर्च होणारी वीज ही कुठल्याही औषधापेक्षा स्वस्त पडते. उजेड फारच कमी असेल तर कुंडीपासून फूटभर वर साधी एलईडी ट्यूब दहा-बारा तास लावा. कमी उजेडात झाड पाणी फार कमी वापरतं आणि ओल जिथल्या तिथे राहते. पावसाळ्यात पानांवर फवारा मारणं पूर्ण बंद, दमटपणा आधीच उदंड असतो.

झाड ठणठणीत, पण फुलत नाही

हा आजार नाही, तरी आजार समजून त्यावर औषधं होतात म्हणून लिहिते. फॅलेनॉप्सिसला दांडा काढायला काही आठवडे 25 अंशांच्या खालचं हवामान लागतं. मुंबईत ते नोव्हेंबरनंतरच मिळतं, तेव्हा त्या दिवसांत झाड खिडकीजवळ, रात्रीच्या गारव्यात ठेवा.

दार्जिलिंग, कालिम्पाँग, गंगटोकच्या सहलीतून हौसेने आणलेलं सिम्बिडियम जातीचं ऑर्किड मात्र मुंबई-ठाण्यात पानांनी फोफावतं आणि फुलत नाही. त्याला शरद ऋतूत रात्री दहा-पंधरा अंशांपर्यंत उतरणारी थंडी हवी असते. भारतीय कृषी संशोधन परिषदेचं ऑर्किड संशोधन केंद्र सिक्कीममधल्या पाक्योंगला आहे, ते त्या डोंगराळ हवेमुळेच शोभतं. अशा झाडावर फुलांसाठी खतांचा मारा करू नका, महाबळेश्वर-पाचगणीकडे कुणी ओळखीचं राहत असेल तर त्यांना द्या. आणि घाटातल्या जंगलातून काढून रस्त्याकडेला विकायला ठेवलेली आमरं विकत घेऊ नका. त्यांची मुळं सालीवरून ओरबाडताना तुटलेली असतात, ती घरी क्वचितच जगतात, आणि प्रत्येक खरेदीगणिक जंगलातलं एक झाड कमी होतं.

कुठलं झाड काढून टाकायचं

नव्या पानांवर पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांची नक्षी, खोलगट काळ्या रेषा किंवा वर्तुळं, फुलांच्या रंगात तुटक डाग, आणि हे प्रत्येक नव्या पानागणिक पुन्हा येत असेल तर विषाणूची दाट शक्यता असते. सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू ऑर्किडमध्ये जगभर आढळतात. नावात सिम्बिडियम असलं तरी ते फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, कॅटलिया कुणालाही होतात. यावर औषध नाही. ते मुख्यतः आपल्याच कात्रीने एका झाडावरून दुसऱ्यावर जातात, आणि स्पिरिटने पुसून ते नष्ट झाल्याची खात्री देता येत नाही, म्हणून वर पातं तापवायला सांगितलं. संशय असलेलं झाड आधी वेगळं ठेवा आणि दोन नवी पानं येईपर्यंत वाट बघा, कारण खताच्या कमतरतेने किंवा कोळ्यामुळेही पानं चट्टेरी दिसतात. दोन्ही पानांवर तीच नक्षी उमटली तर झाड पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नको, आणि त्याचं पिलू कुणाला भेट म्हणूनही देऊ नका. त्याची प्लॅस्टिकची कुंडीसुद्धा पुन्हा वापरू नका.